आईच्या पाठीवरची लेक

सिॲटलच्या म्यूझियम ऑफ फ्लाइटमधल्या मोठ्या दालनात शिरले की नजर आपोआप वर जाते, कारण तिथली बरीचशी विमाने छताला टांगलेली आहेत. माझा भाचा मात्र मला दंडाला धरून थेट मधोमध घेऊन गेला. तिथे जमिनीवर एक काळेभोर, चपटे, लांबच लांब विमान उभे होते; नाकापासून शेपटीपर्यंत चालत गेलो तेव्हा माझी चाळीसएक पावले भरली. छायाचित्रांत पाहिलेले अमेरिकेचे हेरविमान ब्लॅकबर्ड ते हेच, असे मी म्हणणार तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, घाई करू नका. पाठीवर काय बसलंय ते बघा आधी."

पाठीवर, दोन उभ्या शेपटांच्या बेचक्यात, तशाच काळ्या रंगाचे आणखी एक विमान बसवलेले होते. खालच्या धुडापुढे ते पोरासारखे दिसत होते, पण तेही तेरा मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या एसटीच्या गाडीहून थोडे जास्तच. त्याला काच नव्हती, खिडकी नव्हती, माणूस बसेल अशी जागाच नव्हती. नाकाच्या ठिकाणी नुसते एक गोल तोंड होते आणि त्या तोंडातून भोवऱ्याच्या आरीसारखा एक सुळका बाहेर आला होता.

या जोडीची नावे एम-२१ आणि डी-२१. लॉकहीड कंपनीच्या 'स्कंक वर्क्स' या गुप्त विभागात, केली जॉन्सन यांच्या हाताखाली, १९६० च्या दशकात ती जन्मली. एम म्हणजे मदर आणि डी म्हणजे डॉटर. मूळ हेरविमान ए-१२ होते, त्याच्याशी गल्लत नको म्हणून बाराचे आकडे उलटे करून एकवीस केले. ज्यांना आपले काम बायकोलाही सांगायची मुभा नव्हती त्या माणसांनी कागदोपत्री या यंत्रांना आई आणि लेक म्हणावे, याची मला आधी गंमत वाटली. पुढची हकिकत कळली तेव्हा ती गंमत ओसरली.

भाच्याने मला तिथे नेण्याचे कारण वेगळे होते. गेली काही वर्षे त्याच्या डोक्यात एसआर-७२ बसले आहे. आवाजाच्या सहापट वेगाने जाणारे, वैमानिक नसलेले, अजून कुणाला उघडपणे न दाखवलेले हे हेरविमान कॅलिफोर्नियात कुठेतरी उडते आहे, अशी बोलवा आहे. जेवताना, गाडी चालवताना, किराणा आणायला गेल्यावर, कुठेही तो त्या विमानाचे नवे 'पुरावे' सांगतो. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, विमानांशी त्याचा संबंध फक्त वेडापुरता. पण वेड असावे तर असे. त्याला मला दाखवायचे होते की स्कंक वर्क्सच्या लोकांनी साठ वर्षांपूर्वीच वेगवान बिनमाणसांचे विमान केले होते, तर आता त्यांना काय अशक्य आहे. युक्तिवाद बिनतोड दिसत होता. मला मात्र त्या काळ्या लेकीकडे बघताना त्याच्या नेमके उलटे वाटू लागले, आणि ते का, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

अशा बोलवांशी माझी ओळख जुनी आहे. माझे लहानपण निफाड तालुक्यात गेले. ओझरच्या कारखान्यात तेव्हा मिग विमाने तयार होत. एखाद्या दुपारी अचानक धडाड असा आवाज येई, फडताळातली पितळी भांडी एकमेकांवर आपटत, गोठ्यातली म्हैस दावे ताणून उभी राही. आजी ओट्यावरूनच विचारी, "कुणाच्या विहिरीला सुरुंग लागला गं आज?" आम्ही पोरे अंगणात धावत जाऊन वर बघायचो आणि आभाळ मोकळे असायचे. आवाजापेक्षा वेगाने जाणारे विमान आपला आवाज मागे टाकून जाते, त्यामुळे तो कानावर पडेपर्यंत विमान दुसऱ्या तालुक्यात पोहोचलेले असते, हे फार पुढे शाळेत कळले. तोवर ते मोकळे आभाळ आम्ही आमच्या मनाने भरायचो. संध्याकाळी पारावर त्या एका आवाजाची तीन-चार विमाने होत. कुणी म्हणे ते पाकिस्तानचे होते, कुणी म्हणे रशियाने नवे दिले आहे, आणि एक गृहस्थ तर पंखच नसलेले विमान आपण स्वतः पाहिल्याचे शपथेवर सांगत. आजही त्या भागात असा आवाज झाला की 'गूढ आवाजाने परिसर हादरला' अशी बातमी येते आणि तो सुखोईच्या चाचणीचा होता हा खुलासा मागाहून येतो. खुलासा कुणी जपून ठेवत नाही.

आता लेकीची गोष्ट. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने स्वेर्दलोव्स्कजवळ अमेरिकेचे यू-२ हेरविमान पाडले, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला, आणि ते हवामानाचा अभ्यास करणारे विमान होते हा अमेरिकेचा खुलासा जगापुढे उघडा पडला. विमान गेले याचे दुःख करता येते. पण जिवंत वैमानिक शत्रूच्या न्यायालयात उभा राहिला की नाकारायला काही उरत नाही. मग माणूसच नको, असा विचार सुरू झाला. चीनच्या बाबतीत निकड आणखी होती. लोप नोरच्या वाळवंटात चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिला अणुस्फोट केला. तैवानचे वैमानिक यू-२ घेऊन चीनवर जात, आणि १९६२ ते १९६७ या काळात चीनने अशी पाच विमाने पाडली. त्याच लोप नोरकडे कान लावण्यासाठी १९६५ मध्ये नंदादेवीवर अणुऊर्जेवर चालणारे एक यंत्र बसवण्याची भारत आणि अमेरिकेची मोहीम निघाली होती. कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या पथकाला वादळामुळे ते यंत्र वाटेत ठेवून उतरावे लागले आणि पुढच्या वर्षी वर गेल्यावर ते सापडलेच नाही. लोप नोरने अशी बरीच गुपिते गिळली आहेत. डी-२१ हे त्यांपैकीच एक.

डी-२१ च्या पोटात रॅमजेट इंजिन होते. रॅमजेट म्हणजे आपोआप न पेटणारी चूल. तिला सतत फुंकर लागते, आणि ती फुंकर म्हणजे विमानाच्या स्वतःच्या वेगाने तोंडात घुसणारी हवा. त्यामुळे उभ्या जागेवरून हे इंजिन सुरूच होत नाही. आधी कुणीतरी त्याला आवाजाच्या तिप्पट वेगापर्यंत उचलून न्यावे लागते. म्हणून आई. आईच्या पाठीवर बसून लेकीने चोवीस किलोमीटर उंचीच्या आसपास जायचे, तिथून सुटायचे, आधी भरून दिलेल्या मार्गाने एकटीने चीनवर फिरायचे, छायाचित्रे घ्यायची, परत समुद्रावर यायचे, कॅमेरा आणि दिशादर्शक यंत्र असलेला आपल्या पोटाचा कप्पा छत्रीने खाली सोडायचा आणि मग स्वतःला स्फोटाने उडवून द्यायचे. खाली येणारा कप्पा दुसऱ्या विमानाने हवेतच आकड्यात पकडायचा. कागदावर ही योजना इतकी देखणी आहे, की ती मांडणाऱ्यांचा हेवा वाटतो.

पहिल्या तीन चाचण्यांत सुटका नीट झाली. चौथी ३० जुलै १९६६ रोजी पॅसिफिकवर झाली. पुढे वैमानिक बिल पार्क होते आणि मागच्या आसनावर ड्रोन सोडण्याची जबाबदारी असलेले रे टॉरिक. आवाजाच्या सव्वातीन पट वेगात लेक सुटली, तिचे इंजिन अडखळले आणि ती परत आईच्या पाठीवर आदळली. त्या वेगात विमानाचे दोन तुकडे झाले. दोघेही बाहेर पडले, दोघांच्या छत्र्या उघडल्या, दोघे समुद्रात उतरले. पार्क वाचले. टॉरिक यांच्या दाबपोशाखात पाणी शिरले आणि ते बुडाले. वैमानिकाचा जीव धोक्यात नको म्हणून जन्माला घातलेल्या यंत्राने पहिला जीव घेतला तो असा. जॉन्सन यांनी आईच्या पाठीवरून सोडण्याची पद्धत तिथेच बंद केली. अशा आया दोनच बनल्या होत्या. एक त्या दिवशी गेली आणि दुसरीच्या पोटाखाली आम्ही मामा-भाचे उभे होतो.

मी वाकून त्या विमानाच्या तोंडाकडे पाहिले. वैमानिकाच्या जागेमागे दुसऱ्या आसनाच्या लहान खिडक्या आहेत. त्या जागी बसणाऱ्याचे सगळे लक्ष पुढच्या आभाळाऐवजी आपल्या मागे, पाठीवरच्या त्या काळ्या वस्तूकडे. मी भाच्याला त्या खिडक्या दाखवल्या. तो थोडा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "हे मला माहीत होतं, पण मी खिडकी बघितली नव्हती."

पुढे लेकीला बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगण्यात आले. ते विमान सावकाश जाणारे, त्यामुळे रॅमजेट पेटेल एवढा वेग यावा म्हणून लेकीच्या पोटाखाली तिच्याइतकाच लांब अग्निबाण बांधावा लागला. अशा रूपात चीनवर चार खऱ्या मोहिमा झाल्या. ९ नोव्हेंबर १९६९ ची पहिली मोहीम: लोप नोरपर्यंत गेलेली लेक वळायचे विसरली आणि इंधन संपेपर्यंत सरळ जात सोव्हिएत हद्दीत पडली. डिसेंबर १९७० ची दुसरी: ती मात्र सगळा मार्ग पुरा करून आली, कप्पाही सुटला, पण छत्रीने दगा दिला आणि कप्पा समुद्रात बुडाला. ४ मार्च १९७१ ची तिसरी: कप्पा हवेत पकडता आला नाही, तो पाण्यावर तरंगत होता, नौदलाची विनाशिका त्याला उचलायला गेली आणि त्याच्यावरूनच गेली. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. मग लक्षात आले की ते हसू माझ्या अंगात मुरलेल्या सरकारी नोकरीचे आहे. एवढे हजारो किलोमीटर अचूक जाऊन आलेले यंत्र शेवटच्या पन्नास हातांवर, ओल्या दोरखंडाच्या आणि हाकांच्या कामात बुडावे, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला लगेच पटेल. २० मार्च १९७१ ची चौथी मोहीम चीनमध्येच हरवली. चार मोहिमांतून एकही छायाचित्र हाती आले नाही.

जुलै १९७१ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. त्याच महिन्यात आणखी एक गुप्त उड्डाण झाले, आणि माझ्या मते त्या दशकातले चीनवरचे सर्वांत यशस्वी गुप्त उड्डाण तेच. ९ जुलैच्या पहाटे अमेरिकेच्या अध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर रावळपिंडीहून पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सच्या साध्या बोइंग ७०७ मधून बीजिंगला गेले. पोट बिघडल्यामुळे ते डोंगरावर विश्रांती घेत आहेत, असे जगाला सांगितले होते. दोन दिवसांनी ते परत आले, तेव्हाही कुणाला पत्ता नव्हता. १५ तारखेला अध्यक्ष निक्सन यांनी स्वतः दूरचित्रवाणीवर सांगितले तेव्हा कळले. आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणारी लेक चीनमधून पुराव्यासह एकदाही परत आली नाही, आणि पोटदुखीचे सोंग घेतलेला एक स्थूल गृहस्थ प्रवासी विमानातून जाऊन आला. त्या भेटीचे परिणाम त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत आपल्या उपखंडालाही भोगावे लागले, पण तो विषय वेगळा. जून १९७१ मध्ये हेक्सागॉन नावाचा नवा हेरउपग्रहही अवकाशात गेला होता; चीनमधले काय बघायचे ते वरून बघता येऊ लागले होते.

मग उरलेल्या लेकींचे काय झाले? एकूण ३८ बनल्या होत्या. बाकीच्या ॲरिझोनातल्या टूसाननजीक, जिथे वायुदल आपली निवृत्त विमाने वाळवंटात रांगेने उभी करून ठेवते, त्या डेव्हिस-मॉन्थन तळावर पाठवल्या. १९७७ च्या सुमारास कुंपणाबाहेरून विमाने बघत फिरणाऱ्या हौशी लोकांना त्या दिसल्या, आणि असे काही यंत्र होते हे अमेरिकन जनतेला तेव्हा, म्हणजे प्रकल्प मेल्यावर सहा वर्षांनी, कळले. शत्रूला ते केव्हाच कळले होते. सोव्हिएत हद्दीत पडलेल्या पहिल्या लेकीचे अवशेष बघून तुपोलेव्ह या तिथल्या विमान-कारखान्याच्या अभियंत्यांनी तशाच विमानाचा आराखडा केला आणि त्याला 'व्होरोन', म्हणजे डोमकावळा, असे नाव दिले. केली जॉन्सन यांच्यानंतर स्कंक वर्क्सचे प्रमुख झालेले बेन रिच यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की १९८६ मध्ये सीआयएचा एक माणूस त्यांच्यासमोर धातूचा एक तुकडा घेऊन आला. तो त्यांच्याच लेकीचा होता आणि सोव्हिएत संघातल्या कुणा मेंढपाळाला सापडून हातोहात परत आला होता. चौथ्या लेकीचा सांगाडा तर आज बीजिंगबाहेरच्या विमान संग्रहालयात आहे. म्हणजे त्या काळातला हा सर्वांत वेगवान गुपिताचा तुकडा चिनी शाळकरी मुले तिकीट काढून बघतात.

इथे माझ्या मनातली गोष्ट सांगतो. खरोखर अस्तित्वात असलेल्या, तिप्पट वेगाच्या, बिनमाणसांच्या हेरविमानाची ते उडत असताना एकही अफवा नव्हती. ज्यांच्या अफवा झाल्या ती विमाने निराळीच होती, आणि त्या अफवांतली विमाने एका बाबतीत डी-२१ पेक्षा फार सरस होती: ती कधी पडत नसत. अफवेतल्या विमानाची छत्री फाटत नाही, त्याला बोट आडवी येत नाही, ते वळायचे विसरत नाही. पारावरच्या त्या गृहस्थांच्या बिनपंखी विमानालाही कधी अपघात झाला नाही.

सर्वांत गाजलेली अफवा 'ऑरोरा'ची. तिचा जन्म आभाळात न होता अंदाजपत्रकात झाला. फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या कागदांत, हेरविमानांच्या जवळच्या ओळीत, 'ऑरोरा' हे नाव राहून गेले. त्यापुढे एका वर्षी सुमारे ८ कोटी डॉलर आणि पुढच्याच वर्षी २२७ कोटी. एवढी उडी कशासाठी? ब्लॅकबर्डचा वारस तयार होतो आहे, असा अर्थ लोकांनी लावला. पुढे ६ मार्च १९९० रोजी एक ब्लॅकबर्ड लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला तासाभरापेक्षा चारच मिनिटे जास्त घेऊन पोहोचले आणि थेट संग्रहालयाच्या ताब्यात गेले. एवढे चांगले विमान कुणी उगीच निवृत्त करील का, याहून वेगवान काहीतरी असल्याशिवाय? हा तर्क फार मोहक आहे. ब्लॅकबर्ड उडवण्याचा अवाच्या सवा खर्च आणि उपग्रहांची स्पर्धा ही साधी कारणे त्याच्यापुढे फिकी पडतात.

मग साक्षीदार आले. उत्तर समुद्रातल्या एका तेलफलाटावर काम करणाऱ्या अभियंत्याने ऑगस्ट १९८९ मध्ये, इंधन देणाऱ्या विमानाच्या मागे दोन लढाऊ विमानांसोबत जाणारा एक काळा त्रिकोण पाहिला. हा माणूस ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचा सदस्य, विमाने ओळखण्यात तरबेज. त्याने रेखाटन केले आणि ते जगभर छापले गेले. १९९१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियात गुरुवारी सकाळी जमीन हादरू लागली, आणि भूकंप मोजण्यासाठी बसवलेल्या यंत्रांनी ते हादरे हवेतून येणाऱ्या आघाताचे असल्याचे दाखवले. टेक्सासच्या आभाळात दोरीत ओवलेल्या कड्यांसारखा धूर कुणी टिपला. वायुदलाच्या मंत्र्यांनी नकार दिला. नकाराने काय होते ते मराठी माणसाला सांगायला नको. ऑरोरा हे बी-२ बॉम्बफेकी विमानाच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या पैशाचे सांकेतिक नाव होते, असे पुढे बेन रिच यांनी सांगितले. एखाद्या कारकुनाने ते नाव खोडले असते, तर कदाचित त्या त्रिकोणाला नावच मिळाले नसते.

या बाबतीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट प्लॅस्टिकची आहे. १९८६ मध्ये टेस्टर्स या खेळण्यांच्या कंपनीने 'एफ-१९' नावाच्या, रडारला न दिसणाऱ्या लढाऊ विमानाची प्रतिकृती बाजारात आणली. गोलाईदार अंग, आत वळलेली शेपटे, सगळे अंदाजपंचे. पण पोरांनी तिच्यावर उड्या मारल्या आणि तिची चर्चा थेट अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत गेली. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरे विमान जाहीर झाले तेव्हा ते एफ-११७ निघाले: कंगोरेदार, चपट्या पत्र्यांचे, आपण वहीच्या कागदाच्या घड्या घालाव्यात तसे. गुपित पाळणाऱ्यांना हे खेळणे किती सोयीचे पडले असेल! सीआयएच्याच १९९७ च्या एका अभ्यासात म्हटले आहे, की १९५० च्या दशकाचा शेवट आणि १९६० चे दशक या काळात आलेल्या उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून जास्त तक्रारींमागे त्यांचीच हेरविमाने होती. तबकडीवर विश्वास ठेवणारा माणूस विमानाची चौकशी करत नाही.

एसआर-७२ ची हकिकत याहून वेगळी आहे, कारण तिची पहिली बातमी खुद्द कारखान्यातूनच आली. १ नोव्हेंबर २०१३ रोजी स्कंक वर्क्सच्या लोकांनी एका विमानविषयक साप्ताहिकाला सांगितले, की सहापट वेगाचे, बिनमाणसांचे विमान करता येईल. लहान नमुन्याचे काम २०१८ मध्ये सुरू होऊ शकेल आणि पुरे विमान २०३० पर्यंत सेवेत येईल. अडचण जुनीच, चुलीची. नेहमीचे जेट इंजिन आवाजाच्या दुप्पट-अडीचपट वेगापर्यंत ओढते, आणि अतिवेगाचे स्क्रॅमजेट इंजिन त्याच्या बरेच पुढे पेटते. मधली दरी ओलांडायची कशी, याचे उत्तर आपल्याला मिळाल्याचे कंपनीचे म्हणणे होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेलजवळ लहान नमुना दिसल्याची बातमी आली. २०१८ नंतर कंपनी बोलेनाशी झाली, आणि बोलवा मात्र तेव्हापासून वाढली. कंपनी बोलत होती तेव्हा लोक म्हणत, या जाहिराती आहेत. गप्प झाली तेव्हा म्हणू लागले, म्हणजे विमान तयार झाले. २०२२ च्या एका हॉलिवूडपटात याच घडणीचे एक विमान दाखवले, त्याच्या रचनेला स्कंक वर्क्सच्या अभियंत्यांनीच हातभार लावला, आणि चित्रीकरणातला तो लाकडी-धातूचा सांगाडा टिपण्यासाठी चिनी उपग्रहाने आपली वाट बदलली, असे निर्मात्यांनी मुलाखतीत सांगितले.

भाच्याने त्या दिवशी मला दाखवलेला सर्वांत ताजा पुरावा मात्र पुन्हा जमाखर्चाचा निघाला. जुलै २०२५ मध्ये लॉकहीडने आपल्या तिमाही हिशेबात, विमान विभागातल्या एका गुप्त प्रकल्पावर ९५ कोटी डॉलरचा तोटा दाखवला. प्रकल्पाचे नाव अर्थातच नाही. त्या कोऱ्या जागेत जगभरच्या हौशी लोकांनी एसआर-७२ लिहिले. मला एकदम १९८५ ची ओळ आठवली. आभाळातले काहीही लपवा, हिशेबनीस काही लपवू देत नाही. भाच्याला या आकड्यात विमान दिसते. मला, आयुष्यभर फायली वाचलेल्या माणसाला, त्यात अंदाजाबाहेर गेलेला खर्च, चुकलेल्या मुदती आणि कुणाच्या तरी केबिनमधली लांबलेली बैठक दिसते. खऱ्या यंत्राचा वास येतो तो तिथूनच. अफवेला कधी तोटा होत नाही.

शिवाय वेग लपवणे हे वाटते त्याहून अवघड काम आहे. सहापट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या नाकावरची हवा सुमारे दीड हजार अंशांपर्यंत तापते. अशी तापलेली वस्तू अवलोहित किरण टिपणाऱ्या उपग्रहाला निखाऱ्यासारखी दिसते. आणि त्याचा तो आवाज सत्तावीस किलोमीटर उंचीवरूनसुद्धा जमिनीवर मुंबईपासून पुण्यापर्यंतच्या अंतराएवढ्या रुंद पट्ट्यात ऐकू जातो. म्हणजे गुप्त विमान निघाले की दोन-तीन जिल्ह्यांतल्या आज्या एकाच वेळी विहिरीचा सुरुंग विचारणार. यामुळेच असेल, गेल्या वीस वर्षांत उघडकीला आलेली गुप्त हेरविमाने वेगवान निघालीच नाहीत. २००७ मध्ये कंदाहारच्या तळावर दिसलेले, वटवाघळासारखे बिनशेपटीचे आरक्यू-१७० हे त्याच स्कंक वर्क्सचे, पण आवाजापेक्षा हळू जाणारे. त्याची सारी मदार न दिसण्यावर. वायुदलाने ते डिसेंबर २००९ मध्ये मान्य केले आणि बरोबर दोन वर्षांनी त्यातले एक इराणच्या हाती पडले. इराणने ते जवळपास धडधाकट स्थितीत दूरचित्रवाणीवर दाखवले. पुन्हा तेच: गुपित उघडे झाले ते शत्रूच्या अंगणात, आणि उडताना नव्हे, पडल्यावर.

हे सगळे मी भाच्याला तिथेच, त्या काळ्या पोटाखाली उभा राहून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मामा, एसआर-७२ नाहीच, असं म्हणता?"

"नाही म्हणत नाही," मी म्हणालो. "असेल तर कुठेतरी पडत असेल, एवढंच म्हणतो."

त्याला हे उत्तर पसंत पडले नाही, आणि पडावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. बाहेर पडताना संग्रहालयाच्या दुकानात त्याला याच जोडीच्या प्रतिकृतीचे खोके मिळाले. खोक्यावरच्या चित्रात निळ्या-काळ्या आभाळात लेक आईच्या पाठीवरून सुटून वर झेपावते आहे, मागे ज्वाळेची सरळ रेघ, खाली पृथ्वीची गोलाई. सगळे कसे नीट चालले आहे.

रात्री जेवणानंतर आम्ही टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ती जोडायला बसलो. आई तासाभरात उभी राहिली. लेकीसाठी पाठीवर काडीएवढा एक खुंट होता, त्याला खाच जुळेना. गोंद लावला, आगकाडीचा टेकू दिला, भाच्याने दहा मिनिटे श्वास रोखून बोटाने धरून ठेवली. बोट काढले की ती डावीकडे कलायची आणि शेपटावर आदळून टेबलावर पडायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिचा सुळका निघाला आणि वर्तमानपत्राच्या घडीत कुठेतरी गेला. आम्ही दोघे चष्मे लावून अर्धा तास तो शोधत होतो. शेवटी भाच्याची बायको म्हणाली, "उद्या उजेडात बघा," तेव्हा त्याने तिला तशीच, तोंड उघडे असलेली, आईच्या शेजारी टेबलावर ठेवली आणि दिवा मालवला.